टॉपवॉटरवर बास झडप घालतो, पण गळाला लागत नाही: कारणे आणि उपाय

उथळ पाण्यात टॉपवॉटर ल्यूर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालवायचे बनावट आमिष, वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते. पहाटे काठच्या लव्हाळ्यालगत ल्यूर छान चालत असते, अचानक पाणी फुटते, मोठा आवाज होतो, आपण रॉड ओढतो आणि पुढच्याच क्षणी रिकामे ल्यूर हवेतून आपल्या अंगावर येते. एखाद्या वेळी असे झाले तर ते नशिबावर सोडून देता येते. पण एकाच सकाळी पुन्हा पुन्हा होऊ लागले की माणूस डबा उघडून एकामागून एक ल्यूर बदलू लागतो, आणि मासे खाण्याची ती तासाभराची वेळ गाठी बांधण्यातच निघून जाते. माझे ठाम मत असे आहे की ल्यूर बदलणे हा या दुखण्यावरचा अगदी शेवटचा उपाय आहे. हुकलेली प्रत्येक झडप काही खुणा मागे ठेवून जाते. पाणी कसे फुटले, आवाज कोणता झाला, ल्यूर बुडाले की उडाले, बुडाले असल्यास किती वेळाने वर आले, हे नीट पाहिले तर दोष हाताचा आहे, लाइनचा आहे, गरीचा आहे की मासाच मुळात खायला आला नव्हता, हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे समजते.

पुढचे सर्व विवेचन लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाला धरून आहे. डॅलसच्या आसपास राहणारी मराठी मंडळी ज्या रे रॉबर्ट्स, लुइसव्हिल किंवा ग्रेपव्हाइन तलावांवर शनिवारी-रविवारी गरवायला जातात, तिथली परिस्थिती माझ्या डोळ्यांसमोर आहे. परंतु फ्लोरिडातील ओकीचोबीसारख्या पसरट, वनस्पतींनी भरलेल्या तलावालाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात. उथळ म्हणजे येथे गुडघ्यापासून छातीपर्यंतचे, म्हणजे साधारण दीड ते पाच फुटांचे पाणी समजावे.

आधी खुणा पाहा

ल्यूर पूर्णपणे दिसेनासे झाले, तुम्ही हिसका दिला आणि ते रिकामे बाहेर आले, तर बासने ते तोंडात घेतले होते असे समजावे. मग चूक वेळेची असते किंवा साहित्याची. ल्यूर अजिबात न बुडता फूटभर वर उडाले, तर माशाने त्याला बंद तोंडाने ढुसणी दिलेली असते किंवा शेपटीचा तडाखा मारलेला असतो, आणि तिथे तुमच्या हाताने काहीही केले असते तरी मासा लागला नसता. ल्यूरच्या मागे हातभर अंतरावर नुसता भोवरा उठला आणि पाणी पुन्हा शांत झाले, तर मासा मागोमाग आला, त्याने पाहिले आणि शेवटच्या क्षणी तो वळला. मासा लागला, एक-दोन उड्या मारून सुटला, हा चौथा प्रकार पूर्णपणे वेगळा असून त्याची कारणेही वेगळी आहेत.

आवाजाकडेही कान ठेवावा. ढुसणीचा आवाज पाण्यावर फळी आपटल्यासारखा कोरडा असतो. खाल्ल्याचा आवाज खोल आणि ओलसर असतो, कारण त्या वेळी तोंडात पाण्याबरोबर हवाही ओढली जाते. पुष्कळदा मोठा बास फारसा आवाजच करत नाही. ल्यूर होते तिथे एक लहानसे वर्तुळ उमटते, ते सावकाश रुंदावत जाते आणि वर्तुळाच्या मध्यभागी ल्यूर नसते. एखाद्या लहान माशाने टोचले असेल असे समजून नवखा माणूस तेव्हा स्वस्थ उभा राहतो आणि सकाळचा सर्वांत मोठा मासा ल्यूर थुंकून निघून जातो.

हिसका फार लवकर दिला जातो

सर्वाधिक झडपा हुकतात त्या याच कारणाने, म्हणून त्याचा विचार थोडा सविस्तर करायला हवा. बास आपले भक्ष्य कुत्र्याप्रमाणे दातांनी पकडत नाही. तो जवळ येतो, जबडा झपाट्याने उघडतो आणि तोंडात निर्माण झालेल्या पोकळीत पाण्यासकट भक्ष्य आत खेचून घेतो. ही क्रिया डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकते. त्यानंतर तो तोंड मिटतो, वळतो आणि पुन्हा खाली किंवा आडोशाकडे निघतो. गरी पक्की रुतते ती या वळण्याच्या क्षणी, कारण तेव्हा तोंड मिटलेले असते, मासा तुमच्यापासून दूर जात असतो आणि लाइन त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यातून मागे येते. याउलट तो अजून तुमच्याकडे तोंड करून असताना तुम्ही रॉड ओढलात, तर ल्यूर ज्या वाटेने आत गेले त्याच उघड्या वाटेने सरळ बाहेर येते.

आता अडचण अशी की पाणी फुटते ते या सगळ्याच्या आधी किंवा त्याच वेळी. उथळ पाण्यात अंगावर धावून येणारा मासा आपल्यापुढे पाण्याचा फुगवटा ढकलत येतो, त्यामुळे तोंड ल्यूरला लागण्यापूर्वीच पृष्ठभाग हलतो. खोल पाण्यातल्या ल्यूरवर आपल्याला फक्त हाताला लागणारा ठोका कळतो, म्हणून तिथे ही चूक कमी होते. पाण्यावर मात्र डोळा आणि कान हाताच्या आधी बातमी आणतात आणि हात त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

उपाय म्हणून पुष्कळ जण मनात ‘एक, दोन’ मोजायला सांगतात. मला तो सल्ला पटत नाही. झडप पडली की मोजता मोजता हात थांबतो, रीळ थांबते, लाइन ढिली पडते आणि मासा ल्यूर टाकून देतो. शिवाय प्रत्येक मासा सारख्याच वेळात वळत नाही. त्यापेक्षा एकच नियम पाळावा: डोळ्यांना काहीही दिसो, कानांना काहीही ऐकू येवो, हाताला वजन लागेपर्यंत रॉड ओढायचा नाही. तोपर्यंत ल्यूर जसे चालवत होता तसेच चालवत राहायचे आणि रीळ फिरवणे थांबवायचे नाही. बासने ते घेतले असेल तर दोन-तीन फेऱ्यांत लाइन आपोआप जड होते. त्याचा नेम चुकला असेल, तर ल्यूर जिथल्या तिथे चालत राहते आणि तो वळून दुसऱ्यांदा झडप घालू शकतो. हिसका देऊन ल्यूर दहा फूट पुढे खेचले असते तर ही दुसरी संधी मिळाली नसती.

तीन टोकांच्या गऱ्या असलेल्या ल्यूरसाठी जोराच्या हिसक्याची गरजच नसते. या गऱ्या बारीक तारेच्या असतात आणि थोड्या दाबाने रुततात. रॉडचे टोक पाण्याकडे खाली ठेवून चालवावे आणि वजन लागल्यावर रॉड एका बाजूला, कमरेच्या उंचीवर, संथपणे ओढून रीळ फिरवत राहावे. डोक्यावरून मागे मारलेला हिसका धोक्याचाही असतो, कारण हुकलेले ल्यूर सहा टोकांसह थेट चेहऱ्यावर येते. टॉपवॉटर वापरताना डोळ्यांवर चष्मा हवाच. ढग दाटलेले असले तरी आणि तिन्हीसांज झाली असली तरी तो काढू नये.

वेळेइतकीच महत्त्वाची बाब लाइनच्या ढिलाईची. पाण्यावर तरंगणारे ल्यूर माशाच्या तोंडात जाते ते त्याने ओढलेल्या पाण्याच्या लोटाबरोबर. लाइन ताणलेली असेल तर ल्यूर त्या लोटाबरोबर जाऊ शकत नाही, ते धरून ठेवल्यासारखे जागच्या जागी अडते आणि फक्त मागची गरी ओठाला घासून निघते. म्हणून दर झटक्यानंतर रॉडचे टोक किंचित परत पुढे नेऊन लाइनमध्ये थोडी ढिलाई सोडावी. हेडन कंपनीच्या १९३९ सालच्या झारा स्पूकपासून आजपर्यंत जी जी ल्यूर डावीकडे-उजवीकडे डोलत चालवली जातात, त्यांची चालही याच ढिलाईवर अवलंबून असते: मनगटाचा लहान झटका, लगेच ढिलाई, पुन्हा झटका. लाइन सतत ताणलेली असेल तर असे ल्यूर डोलत नाही, नुसते सरळ फरफटत येते. तुमचे ल्यूर नीट डोलत नसेल आणि झडपाही हुकत असतील, तर दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे.

लाइन आणि रॉड

येथे थोडे भौतिकशास्त्र कामी येते. फ्लुओरोकार्बनच्या लाइनची घनता पाण्याच्या सुमारे १.७८ पट असते, म्हणजे ती चांगलीच बुडते. साध्या नायलॉनची सुमारे १.१४ पट असते, त्यामुळे ती अगदी सावकाश बुडते. विणलेली, म्हणजे ब्रेडेड लाइन पॉलिएथिलीनच्या तंतूंची असते. तिची घनता सुमारे ०.९७ पट असल्याने ती तरंगते. टॉपवॉटरला फ्लुओरोकार्बन बांधली की ल्यूर थांबवल्याबरोबर पुढची लाइन खाली जाऊ लागते, ल्यूरचे नाक दाबले जाते, पॉपर (खोलगट तोंडाचे, ओढल्यावर आवाज करणारे ल्यूर) असेल तर त्याचा आवाज घुसमटतो आणि पाण्याखाली साचलेल्या त्या झोळामुळे वजन हाताला उशिरा कळते. इतर अनेक पद्धतींत उपयोगी पडणारी ही लाइन येथे मात्र नको.

माझी निवड ३० ते ४० पौंडांच्या (म्हणजे तेवढ्या ओढीपर्यंत न तुटणाऱ्या) ब्रेडेड लाइनची असते आणि तिच्या पुढे दीड-दोन फूट नायलॉनचा तुकडा असतो. नायलॉनचा तुकडा बांधण्यामागे माशाला लाइन दिसू नये हा हेतू दुय्यम आहे. नुसती ब्रेडेड लाइन मऊ असते. ढिलाई सोडली की ती ल्यूरच्या पुढच्या गरीत अडकते, आणि अडकलेले ल्यूर उलटेपालटे चालत असताना पडलेली झडप हुकणारच. नायलॉन ताठ असल्याने ही अडकाअडकी बरीच कमी होते. ल्यूरला गाठ घट्ट न बांधता छोटा मोकळा फास ठेवून बांधली तर चालही अधिक खुलते.

पूर्ण नायलॉन वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ती ताणली जाते. जवळच्या फेकीत हा ताण उपकारक ठरतो, कारण तो घाईच्या हिसक्याची धार कमी करतो. पण तीस-पस्तीस यार्डांवर, लाइन बाहेर असताना, तोच ताण गरी रुतू देत नाही. दूरच्या झडपा हुकतात आणि जवळच्या लागतात असे तुमच्या बाबतीत होत असेल तर दोष येथेच शोधावा.

रॉडच्या बाबतीत ब्रेडेड लाइन आणि कडक रॉड ही जोडी टाळावी. दोघांतही लवचीकता नसल्याने ल्यूर तोंडातून उपटून निघते. तीन टोकांच्या गऱ्यांसाठी साडेसहा ते सात फुटांचा, मध्यम ताकदीचा आणि टोकापासून मध्यापर्यंत सहज वाकणारा रॉड योग्य ठरतो. ज्या रॉडने तुम्ही जिग (शिशाच्या डोक्याची, बुडणारी गरी) किंवा प्लॅस्टिकचे किडे टाकता तो बहुधा यासाठी फार ताठ असतो.

गऱ्यांची तपासणी

गरीचे टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवून सरकवावे. ते नखात रुतून थांबले तर धार आहे. घसरून पुढे गेले तर ती गरी बदलावी. उथळ पाण्यात ल्यूर दगडांना, बुडालेल्या फांद्यांना आणि बोटींच्या धक्क्यांना सतत लागते, त्यामुळे नवीन ल्यूरचीही धार एका सकाळीत बोथट होऊ शकते. बाजारातून आणलेल्या स्वस्त ल्यूरवर मुळातच बेताच्या गऱ्या असतात. त्या काढून ४ किंवा ६ क्रमांकाच्या, गोल वळणाच्या चांगल्या गऱ्या बसवण्याचा खर्च वसूल होतो.

बदलताना वजनाचे भान ठेवावे. मोठी, जाड तारेची गरी लावली की ल्यूर पाण्यात खाली बसते आणि त्याची चाल मंदावते. घरीच बादलीत सोडून पाहावे: मूळ गऱ्यांसह ल्यूर ज्या कोनात तरंगत होते, त्याच कोनात नव्या गऱ्यांसह तरंगले पाहिजे. बहुतेक पॉपर आणि डोलणारी ल्यूर शेपटीकडे किंचित खाली झुकून तरंगतात, आणि ते हिताचे असते, कारण थांबलेल्या ल्यूरवर मासा पुष्कळदा मागून येतो आणि त्याच्या तोंडात प्रथम मागची गरी जाते. त्या मागच्या गरीला पिसे बांधलेली असतील तर ल्यूर थांबल्यावरही ती पाण्यात हलत राहतात आणि रेंगाळणाऱ्या माशाचे लक्ष बरोबर गरीवर येते. ढुसणी देऊन परत जाणारे काही मासे एवढ्याने लागू लागतात.

मासा येतो, पण खात नाही

मागे उठणारे भोवरे आणि बंद तोंडाच्या ढुसण्या यांचे कारण समजण्यासाठी माशाला खालून काय दिसते ते लक्षात घ्यायला हवे. पाण्यातून वर पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे बाहेरचे सगळे जग एका गोल खिडकीत सामावलेले दिसते. सुमारे ९७ अंशांच्या शंकूएवढी ही खिडकी असते आणि तिच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असून त्यात तळाचे प्रतिबिंब दिसते. खिडकीचा व्यास माशाच्या डोळ्याच्या खोलीच्या सव्वादोन पट भरतो. म्हणजे मासा दोन फुटांवर असेल तर त्याची खिडकी जेमतेम साडेचार फुटांची असते, आणि फूटभर पाण्यात असेल तर सव्वादोन फुटांची.

यातून उथळ पाण्याचे एक महत्त्वाचे वैशिष्ट्य निघते. ल्यूर खिडकीबाहेर असताना बासला त्याचा फक्त पाण्यात बुडालेला भाग आणि आरशात उठणारी खळबळ दिसते. शिवाय अंगाच्या बाजूने जाणाऱ्या पार्श्वरेषा या संवेदनाग्राही अवयवाने त्याला पाण्याची थरथर जाणवते. तो धावून येतो तो या अर्धवट माहितीवर. ल्यूर अगदी जवळ, खिडकीत आल्यावरच त्याला ते पूर्ण दिसते, आणि पाणी नितळ व शांत असेल, ऊन असेल, तर त्या क्षणी त्याचा विचार बदलू शकतो. ल्यूरमागचा भोवरा म्हणजे हा बदललेला विचार.

त्यामुळे आरशासारख्या शांत पाण्यात आवाज आणि आकार कमी करावा. पाच इंचांच्या ल्यूरऐवजी तीन इंचांचे घ्यावे, पॉपरला जोरात ‘भडक’ करायला लावण्याऐवजी नुसते थुंकायला लावावे, आणि फेक लांब करावी. याउलट वाऱ्याने पाणी चुरगळलेले असेल तर माशाची खिडकीही तुटक झालेली असते, तो बारकाईने पाहू शकत नाही, आणि तिथे मोठे, आवाजी ल्यूर अधिक चालते. हलका वारा म्हणूनच टॉपवॉटरचा मित्र आहे. फार मोठ्या लाटा असल्या तर मात्र ल्यूर माशाला सापडतच नाही. अशा वेळी वाऱ्याच्या आडोशाचा खाचखळगा शोधावा.

रंगाबद्दल फार काथ्याकूट होतो. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक हिरव्याकडे आणि दुसरी लालकडे झुकणारी. आणि खालून पाहणाऱ्या माशासमोर ल्यूरची फक्त पोटाची बाजू असते. पाठीवरची सुंदर नक्षी ही गिऱ्हाइकासाठी असते. दिवसा पोट पांढरे किंवा फिके, मळभात व अंधारात काळे, एवढा नियम मला पुरेसा वाटतो.

वेगाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा. झडप पडली तेव्हा ल्यूर काय करत होते, हे प्रत्येक वेळी आठवावे. थांबलेले असताना पडली असेल तर थांबा वाढवावा. उठलेली वर्तुळे विरेपर्यंत ल्यूर तसेच पडू द्यावे. चालताना पडली असेल आणि हुकली असेल तर चाल एकसारखी ठेवावी, कारण अनियमित चालणाऱ्या ल्यूरवर माशाला नेम धरता येत नाही. गढूळ पाण्यात आणि रात्री हे विशेष खरे आहे. तिथे जिटरबगसारखे एकाच लयीत गुडगुडत येणारे ल्यूर थांबत-थांबत चालवलेल्या ल्यूरपेक्षा जास्त मासे देते, कारण मासा आवाजाच्या मार्गावर पुढची जागा धरून वार करू शकतो.

पाण्याचे तापमानही पाहावे. ६० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १५ ते १६ अंश सेल्सिअसच्या खाली बास वर यायला नाखूश असतो, आणि आला तरी अर्धवट मनाने येतो. अशा पाण्यात हुकलेल्या झडपांवर ल्यूरमध्ये उपाय शोधण्यापेक्षा पृष्ठभागाखालून चालणारे ल्यूर लावणे शहाणपणाचे.

काठावरून गरवणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. दोन फूट पाण्यातला मासा पावलांचा धक्का आणि पडलेली सावली लगेच टिपतो आणि सावध होतो. पाण्यापासून चार पावले मागे उभे राहावे, सूर्य पाठीशी असेल तर सावली पाण्यावर पडत नाही ना हे पाहावे, ल्यूर माशाच्या संभाव्य जागेवर न टाकता तिच्या पलीकडे टाकून तिथपर्यंत आणावे, आणि लव्हाळ्याच्या कडेला आडवे न टाकता कडेला समांतर टाकावे. समांतर फेकीत ल्यूर जास्त वेळ योग्य पट्ट्यात राहते आणि आडोशातून बाहेर आलेल्या माशाला तोंड वळवायला जागा मिळते.

पिल्लांची राखण करणारे नर

उत्तर टेक्सासमध्ये मार्च ते मे या काळात एक वेगळीच अडचण येते. एका ठराविक जागी दर फेकीला जोरदार झडप पडते, ल्यूर उडते, मासा कधीच लागत नाही, आणि लागलाच तर बेताच्या आकाराचा असतो. येथे काठालगत नीट पाहिले तर पाण्यात बारीक काळसर पिल्लांचा ढग हलताना दिसतो. बासचा नर घरटे राखतो आणि अंडी फुटल्यावर पुढेही काही काळ पिल्लांची राखण करतो. तो ल्यूरला खात नाही, हाकलतो. महाराष्ट्रात मरळ गरवणाऱ्यांना हा प्रकार परिचयाचा आहे: तांबूस पिल्लांच्या गोळ्याजवळ टाकलेल्या बेडकावर मरळ अशीच तुटून पडते.

या झडपांवर उपाय म्हणून काही जण ल्यूरला जादा गरी जोडतात. मी त्याच्या विरोधात आहे. राखण करणारा नर काढून घेतला की आसपास टपलेले ब्लूगिल नावाचे लहान मासे काही मिनिटांत पिल्लांवर तुटून पडतात. जागा सोडून पन्नास यार्ड पुढे जावे. अंडी घालून मोकळ्या झालेल्या माद्या जवळपासच्या थोड्या खोल कडेला, बुडालेल्या झाडांपाशी असतात आणि त्या खाण्यासाठीच झडप घालतात. याच सुमारास पहाटेच्या वेळी शॅड मासे काठच्या दगडांवर आणि गवतावर अंडी घालायला येतात, तिथली झडप सहसा फसवी नसते.

शेवाळावरचा बेडूक

पोकळ रबरी बेडकाला वर सांगितलेले निम्मे नियम लागू पडत नाहीत, म्हणून त्याचा वेगळा विचार करावा लागतो. त्याच्या दोन जाड गऱ्या पाठीला चिकटून वर वळलेल्या असतात. मासा चावला की रबर दबते आणि त्या उघड्या पडतात. हेच त्याचे सामर्थ्य आणि हीच त्याची अडचण. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या दाट थराखालून मासा बेडकाला पाहू शकत नाही, फक्त वरची हालचाल जाणून अंदाजाने थर फोडून वर येतो, त्यामुळे येथे काही झडपा हुकणारच. संख्या कमी करणे एवढेच आपल्या हाती आहे.

नवीन बेडूक विकत घेतल्यावर तो अंगठा आणि तर्जनी यांत दाबून पाहावा. हलक्या दाबाने दोन्ही टोके उघडी पडली तर ठीक. रबर ताठ असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून आणि वारंवार दाबून ते मऊ करावे. पकडीने दोन्ही गऱ्यांची टोके अगदी किंचित, बेडकाच्या अंगापासून बाहेर आणि वर वळवावीत. जास्त वळवली तर प्रत्येक पानाला अडकतात. मागचे रबरी धाग्यांचे पाय फार लांब असतील तर ते कापून आखूड करावेत, कारण लहान मासे पायच धरून ओढतात. एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड ठेवला तर बेडूक मोकळ्या पाण्यात अधिक सहज डोलतो. पोटात पाणी शिरले असेल तर दर काही फेकींनंतर ते पिळून काढावे. पाणी भरलेला बेडूक दबत नाही आणि गऱ्या झाकलेल्याच राहतात. थर जाड असेल तर पोटात मागच्या बाजूला एखादे शिसे सरकवल्याने बेडूक थरावर नीट बसतो आणि खालच्या माशाला त्याची जागा कळते.

येथे रॉड सात फुटांहून थोडा लांब आणि भरभक्कम हवा, लाइन ५० ते ६५ पौंडांची ब्रेडेड आणि पुढे नायलॉनचा तुकडा नको. झडप पडली की रॉडचे टोक माशाकडे खाली न्यावे, ढिलाई झपाट्याने गुंडाळावी आणि वजन लागताच पूर्ण ताकदीने, कंबर वळवून, वर ओढावे. तीन टोकांच्या गरीला जो जोर घातक, तोच जोर येथे अत्यावश्यक आहे, कारण जाड गरी रबर आणि जबडा दोन्ही भेदून गेली पाहिजे. त्यानंतर क्षणभरही न थांबता माशाचे डोके थराच्या वर ठेवून खेचत आणावे. एकदा तो वनस्पतीत खाली वळला की गवताच्या ओझ्यानेच गरी सुटते. बेडूक वापरणारा हात आणि पॉपर वापरणारा हात एकाच सकाळी एकाच माणसाला ठेवावे लागतात. दोन्ही रॉड सोबत असतील तर हातातला रॉड कोणता आहे याची मनाशी खूणगाठ बांधूनच फेक करावी.

लागून सुटणारा मासा

बास उडी मारून डोके झटकतो तेव्हा जड ल्यूर लंबकाप्रमाणे हेलकावते आणि गरीचे छिद्र मोठे करून निसटते. मासा वर येऊ लागला की लाइनचा कोन बदलतो; तेव्हा रॉडचे टोक पाण्यात खुपसून बाजूला ओढावे, म्हणजे उडी अर्धवट राहते. ड्रॅग, म्हणजे रिळावरचा लाइनचा ब्रेक, इतका सैल असावा की काठाजवळच्या शेवटच्या धडकेला लाइन सुटेल. ब्रेडेड लाइनवर ताण शोषणारे दुसरे काहीच नसल्याने पूर्ण आवळलेला ड्रॅग बोटीपाशी मासे घालवतो.

हुकल्यानंतरची दुसरी फेक

सगळे बरोबर करूनही काही झडपा हुकतात. अशा वेळी ल्यूर चालत ठेवूनही मासा परत आला नाही, तर तेच ल्यूर पुन्हा तिथे टाकण्यापेक्षा दुसऱ्या तयार रॉडवर वजन न लावलेला, मधोमध गरी अडकवलेला मऊ प्लॅस्टिकचा किडा ठेवावा आणि तो त्या वर्तुळाच्या फूटभर पलीकडे टाकावा. लाइन ढिली सोडून त्याला स्वतःच्या वजनाने थरथरत खाली जाऊ द्यावे. नुकताच चवताळलेला बास अजून तिथेच, तोंड वर करून असतो, आणि हळूहळू बुडणारे हे सोपे भक्ष्य तो सहसा सोडत नाही. लाइन एका बाजूला सरकू लागली की मासा लागला म्हणून समजावे. दुसरा रॉड हाताशी, लाइन सोडवून, गरी मोकळी करून ठेवलेला असला तरच याचा उपयोग. शोधाशोध करण्यात गेलेले अर्धे मिनिटही फार असते.

मासा हाती आल्यावर त्याला खालच्या जबड्याला धरावे, सुट्या गऱ्यांपासून बोटे दूर ठेवावीत आणि लांब पकडीने गरी काढावी. टेक्सासमधल्या लेक फोर्कसारख्या तलावावर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडणे बंधनकारक आहे, तेव्हा गरी लवकर निघणे महत्त्वाचे ठरते. मी मागच्या गरीच्या टोकांजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाकतो. लाइन ताणलेली ठेवली तर त्याने मासे सुटत नाहीत, आणि गरी माशाच्या जबड्यातून किंवा स्वतःच्या बोटातून एका वळणात निघते.